क्रमांक एकची प्रक्रिया

लिनक्सचा संगणक चालू केला की कर्नल सगळ्यात आधी एकच प्रोग्रॅम सुरू करतो. त्याचा क्रमांक १. बाकीचे सगळे त्याच्या मागून. अनेक वर्षं हे काम 'इनिट' करायचा. शेल स्क्रिप्ट एकामागून एक चालवायच्या, एवढाच त्याचा व्याप. २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी 'सिस्टमडी' आणलं. सेवा एकाच वेळी सुरू होऊ लागल्या. कोलमडलेली सेवा आपोआप पुन्हा उभी करता येऊ लागली. पण लॉगिन, नोंदी, नेटवर्क अशी कामंही त्याच प्रकल्पात येत गेली.

लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर बनलं, त्याची रीत उलटी: एका अवजाराने एकच काम चोख करावं. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून तिथे 'पाइप' आला आणि एका प्रोग्रॅमचं उत्तर थेट दुसऱ्याच्या हाती जाऊ लागलं.

खरी ठिणगी पडते ती नोंदींवर. जुन्या नोंदी साध्या अक्षरांत असत. मजकुरात शब्द शोधणारं 'ग्रेप' चालवलं की हवी ती ओळ समोर. सिस्टमडीच्या नोंदी बायनरी, त्यासाठी 'जर्नलसीटीएल' लागतं. मात्र कुठल्या सेवेने काय लिहिलं, हे ते क्षणात वेगळं काढून देतं.

२०१४ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर सिस्टमडी निवडलं गेलं. नाराजांनी डेबियनपासून 'देवुआन' वेगळं काढलं.

सेवा एकाच हाती असाव्यात, हे मला पटतं. नोंदी मात्र साध्या अक्षरांतच हव्यात. मशीन मोडल्यावरच त्या वाचायच्या असतात, आणि तेव्हा हाताशी कुठलं अवजार उरेल, सांगता येत नाही.