अतिदक्षतेचे शास्त्र — लेखांक सहावा : वैद्याची घडण

मागील लेखांकात कृत्रिम श्वसनयंत्राची रचना आपण पाहिली. ते यंत्र ज्याच्या हुकमाने चालते त्या वैद्याची घडण कशी होते, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे. विलेपार्ल्याच्या पश्चिमेस स्वामी विवेकानंद मार्गावर नानावटी रुग्णालय आणि जुहूच्या बाजूस महापालिकेचे कूपर रुग्णालय अशी दोन मोठी रुग्णालये असल्यामुळे ‘आयसीयूत ठेवले आहे’ हे वाक्य पार्लेकरांच्या घराघरांत परिचयाचे आहे. परंतु त्या बंद दाराआड अपरात्री निर्णय घेणारा डॉक्टर कोणते शिक्षण घेऊन तेथे उभा आहे, याची चौकशी आप्तेष्ट क्वचितच करतात. यंत्रे किती, खाट मिळेल काय, खर्च किती येईल, हे प्रश्न स्वाभाविक आहेत. पण माझ्या मते पहिला प्रश्न या शिक्षणाचाच असावयास हवा.

या शास्त्राचा उगम ज्या घटनेपाशी मानला जातो, तिच्यातही यंत्राहून ज्ञानाचा वाटा मोठा होता. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली, आणि तेथील ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्या रुग्णांच्या रक्ताच्या तपासणीत बायकार्बोनेटचे प्रमाण अतिशय वाढलेले दिसे, आणि हा रक्तातील अल्कधर्म वाढल्याचा कुठलासा गूढ विकार असावा, असा तेथील जाणत्या वैद्यांचा ग्रह झाला होता. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने तोच आकडा निराळ्या रीतीने वाचला : रुग्णाचा श्वास अपुरा पडल्यामुळे कार्बन डायऑक्साइड शरीरात साठत आहे, आणि श्वास पुरविला तर तो निघून जाईल, असे त्याचे निदान होते. २७ ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत छेद घेऊन, नळी बसवून, रबरी पिशवीने हाताने श्वास देऊन त्याने ते सिद्ध केले. पुढे सुमारे १,५०० विद्यार्थी आळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून अहोरात्र पिशव्या दाबीत राहिले, आणि शेकडा ८७ च्या आसपास असलेला मृत्यूचा दर हळूहळू शेकडा २५ पर्यंत उतरला. आकडा सर्वांपुढे एकच होता. शस्त्रक्रियागृहात वर्षानुवर्षे दुसऱ्याचा श्वास सांभाळण्याचा अभ्यास ज्याने केला होता, त्यालाच तो उमगला.

मुंबईत हे शास्त्र रुजले ते प्रथम परदेशी पदव्यांच्या नव्हे, तर येथील रोगांच्या आधाराने. डॉ. फरोख उदवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात धनुर्वाताच्या अत्यवस्थ रुग्णांची दीर्घकाळ शुश्रूषा केली आणि त्या अनुभवावर ग्रंथरचनाही केली. धनुर्वातात झटक्यांनी श्वास कोंडतो, म्हणून स्नायू औषधाने शिथिल करून रुग्णाला आठवडेच्या आठवडे यंत्रावर ठेवावे लागते, आणि त्या काळात रक्तदाब क्षणात चढतो, क्षणात कोसळतो. अशा रुग्णाजवळून हलणे वैद्याला परवडत नाही. ९ ऑक्टोबर १९९३ रोजी ‘इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन’ ही संस्था याच शहरात स्थापन झाली. सरकारदरबारी या विषयाची स्वतंत्र पदवी मंजूर होण्याची वाट न पाहता तिने आपली प्रमाणपत्रे व पदविका सुरू केल्या आणि परीक्षा घेतल्या. वैद्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेली ही शिस्त मला फार मोलाची वाटते. आज भूलशास्त्र, सामान्य वैद्यक, श्वसनरोगशास्त्र अशा एखाद्या विषयातील एम. डी. झाल्यावर, नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन, तीन वर्षांचा डी. एम. अथवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डीआरएनबी हा अभ्यासक्रम पुरा करता येतो. परळच्या टाटा रुग्णालयात या विषयातील डी. एम.चे शिक्षण मिळते. म्हणजे एम. बी. बी. एस.ची मुदत, एम. डी.ची तीन वर्षे, आणि त्यावर ही तीन वर्षे, इतक्या अवधीनंतर मनुष्य या दाराआड स्वतंत्र जबाबदारीने उभा राहतो.

या तीन वर्षांत शिकायचे तरी काय? नळ्या घालणे, यंत्र चालविणे, रक्तशुद्धीचा बंदोबस्त करणे ही हस्तकौशल्ये तर आहेतच, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या वर्षातच हाताला बसतात. कठीण आहे ते आपल्या हाती आलेले सामर्थ्य मर्यादेत वापरणे. फुप्फुसे सुजून कडक झालेल्या रुग्णाला यंत्राने किती हवा द्यावी, हा प्रश्न घ्या. रक्तातील आकडे झटपट सुधारावेत म्हणून पूर्वी भरपूर हवा देत असत. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, प्रत्येक श्वासाला दर किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिलेल्या गटात शेकडा ४० च्या जवळपास रुग्ण मरण पावले, तर केवळ ६ मिलिलिटर दिलेल्या गटात ३१. हा हिशेब प्रत्यक्ष वजनावर नव्हे, उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनावर करावयाचा असतो. कारण मनुष्य स्थूल झाला म्हणून त्याची फुप्फुसे वाढत नाहीत. १६० सेंटिमीटर उंचीचा, ९० किलो वजनाचा पुरुष घेतला, तर त्याचे अपेक्षित वजन सुमारे ५७ किलो, आणि त्याला द्यावयाची हवा सुमारे ३४० मिलिलिटर. प्रत्यक्ष वजनावर १२च्या हिशेबाने ती एक लिटरच्याही वर जाते. कमी हवेने रक्तातील कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतो, पडद्यावरील आकडा मनासारखा दिसत नाही, आणि तरीही बटण न फिरविता थांबणे, हे धैर्य ज्येष्ठाच्या नजरेखाली शेकडो रात्री काढल्याशिवाय येत नाही.

आपल्या उपनगरात हाच धडा दर पावसाळ्यात गिरवावा लागतो. डेंग्यूत ताप उतरू लागला की घरचे निर्धास्त होतात, परंतु त्याच सुमारास काहींच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो आणि नाडी क्षीण होते. हा पाझर साधारण एक ते दोन दिवस टिकतो. त्या मुदतीत शिरेवाटे पुरेसा द्रव दिला नाही तर रुग्ण हातचा जातो. पाझर थांबून तोच द्रव रक्तात परतू लागला असतानाही बाटली चालू ठेवली, तर तो फुप्फुसांत भरतो. म्हणून येथे तासातासाने रुग्णाला पुन्हा तपासून तासापूर्वीचा आपलाच हुकूम बदलावा लागतो. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची जी साथ उसळली, तीत तर मूत्रपिंडे निकामी होणे आणि फुप्फुसांत रक्तस्राव होणे ही दोन्ही संकटे एकाच देहात एकत्र येत. अशा वेळी प्रत्येक इंद्रियाचा तज्ज्ञ आपापला सल्ला लिहून जातो. परस्परविरुद्ध सल्ल्यांतून एक तजवीज ठरविणारा मात्र खाटेजवळ राहणाराच असावा लागतो.

आणखी एक शिक्षण आहे, आणि ते परीक्षेत मोजणे अवघड आहे. उपचार निष्फळ ठरत असता ते थांबविण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात हाती घेतला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्यातील कार्यपद्धती सुलभ केली. त्यानुसार रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ आणि त्याहून निराळे दुय्यम मंडळ अशा दोहोंची संमती लागते. प्रत्येकात किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे निदान दोन विषयतज्ज्ञ असावे लागतात, आणि निर्णय शक्यतो ४८ तासांत द्यावयाचा असतो. कायद्याने वाट मोकळी केली. पण त्या मंडळांवर बसण्याजोगे, आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला वा पत्नीला ‘आता काय शक्य आहे आणि काय नाही’ हे सावकाश, स्पष्ट आणि मायेने सांगू शकणारे वैद्य उपनगरांतील लहान रुग्णालयांत पुरेसे नसतील, तर निकाल दप्तरातच राहील. महापालिकेच्या रुग्णालयांतून या विषयाच्या शिक्षणाच्या जागा वाढाव्यात, हे मागणे मी आग्रहाने मांडतो. ज्यांना दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही त्यांच्या खाटेपाशी हे शिक्षण प्रथम पोचले पाहिजे.

पुढील लेखांकात अतिदक्षता विभागातील परिचारिकांच्या शिक्षणाचा विचार करावयाचा आहे.