ऐरणीची बैठक : घरगुती कार्यशाळेची मांडणी

धातूला आकार हातोडा देतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः हातोडा केवळ आघात करतो. तो आघात धातूत मुरेल की वाया जाईल, हे धातूखाली काय आहे यावर ठरते. नवशिका मनुष्य उत्तम हातोडा विकत आणतो आणि ऐरण मात्र डगमगत्या टेबलावर ठेवतो. मग दर ठोक्याला ऐरण उडते, मनगट दुखू लागते आणि पत्रा जवळजवळ होता तसाच राहतो. म्हणून घरी लहानशी कार्यशाळा थाटणाऱ्याने प्रथम ऐरणीच्या बैठकीचा विचार करावा.

आघात कोठे जातो?

ठोक्यानंतर हातोडा व ऐरण क्षणभर एकत्र सरकतात, असे मानू. ऐरणीच्या वस्तुमानास दोहोंच्या एकूण वस्तुमानाने भागले, म्हणजे आघाताच्या ऊर्जेचा किती अंश धातूच्या कामी येतो ते कळते. समजा, हातोडा अर्ध्या किलोग्रॅमचा आणि भांडी घडविण्याची लहान उभी ऐरण दोन किलोग्रॅमची आहे. ती सुटी असेल, तर ८० टक्के ऊर्जा उपयोगी पडते. उरलेली २० टक्के ऐरणीला हलविण्यात खर्ची पडते. तीच ऐरण ४० किलोग्रॅमच्या ओंडक्यात घट्ट बसविली, तर हे प्रमाण सुमारे ९९ टक्के होते. प्रत्यक्षात हातोडा थोडा उसळतो व लाकूड थोडे दबते, म्हणून हे आकडे अंदाजाचेच मानावेत. मात्र बैठकीत फट राहिली, तर आघाताच्या क्षणी ओंडक्याचे वजन ऐरणीच्या मदतीला येत नाही, हे विसरू नये.

ओंडका व उंची

ओंडका बाभळीसारख्या चिवट व पूर्ण वाळलेल्या लाकडाचा असावा. तो उभा ठेवावा, म्हणजे लाकडाचे तंतू आघाताच्या दिशेत येतात. त्या दिशेत लाकूड सर्वांत कमी दबते. तो चिरू नये म्हणून वरच्या टोकास लोखंडी पट्टा ठोकावा. ओंडक्याचा तळ तीनच ठिकाणी जमिनीस टेकेल असा कोरावा. तीन टेकूंवरील वस्तू ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही. लहान ऐरणीचा खालचा दांडा चौकोनी व निमुळता असतो. चौकोनामुळे ती फिरत नाही आणि निमुळतेपणामुळे प्रत्येक ठोक्याने अधिकच घट्ट होते.

लोहारकामाच्या ऐरणीचा माथा, उभे राहून हात खाली सोडले असता मुठीच्या पेरांशी यावा. कानस चालविण्यासाठी व्हाइसचे जबडे कोपराच्या उंचीवर असावेत. जमिनीवर बसून काम करणाऱ्याने ही मापे बसल्या स्थितीतच घ्यावीत. व्हाइस टेबलाच्या पायावरच बसवावा, मधल्या फळीवर नव्हे. बीडाच्या व्हाइसवर घण मारू नये. बीड ठिसूळ असल्यामुळे तडकते.

हत्यारांची जागा

तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून कठीण होतो. तो पुन्हा मऊ करण्यासाठी मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवितात. म्हणून भट्टी, पाणी व ऐरण एकमेकांपासून दोन-तीन पावलांवर असावीत आणि त्या वाटेत काहीही पडलेले नसावे. कानशी एकावर एक रचू नयेत. त्यांचे कठीण दात एकमेकांवर आपटून तुटतात. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम पाहिले, तर हातोड्याच्या एकसारख्या खुणांनी भांडे झळकताना दिसते. ती झळाळी हातोड्याच्या व ऐरणीच्या गुळगुळीत तोंडाची देणगी होय. त्यांवर एक खरड पडली, तरी ती प्रत्येक ठोक्यागणिक भांड्यावर उमटते. म्हणून ही तोंडे पुसून त्यांवर तेलाचा हात फिरवावा, विशेषतः पावसाळ्यात.

कानांची काळजी

सर्वांत मोठी हानी डोळ्यांना दिसत नाही. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १८ व्या शतकाच्या आरंभीच व्हेनिसच्या तांबटांना येणाऱ्या बहिरेपणाची नोंद केली होती. माणसाच्या अंतःकर्णातील ध्वनिग्राही पेशी एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा उगवत नाहीत. ऐरणीभोवती साखळी घट्ट गुंडाळल्यास तिचा खणखणाट पुष्कळ कमी होतो. तरीही कानांत बोळे घालूनच काम करावे. शेजाऱ्यांच्या झोपेच्या वेळा पाळाव्यात, हेही ओघाने आलेच.

बैठक साधली की नाही, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. ऐरणीच्या बुडाभोवती खडूने रेघ काढावी आणि दहा ठोके मारावेत. बूड रेघेवरून सरकले, तर हातोडा खाली ठेवून आधी बैठक दुरुस्त करावी.