रात्री नऊचा टोलनाका



रविवारी रात्रीचे नऊ. तिकडे पुण्यात साडेपाच वाजलेत, आई चहाचा कप घेऊन कॅमेऱ्यासमोर बसली आहे. नातू तबल्याचा नवा कायदा वाजवायला घेतो आणि नेमकं चित्र गोठतं. घरात तर १ गिगाबिटचं ऑप्टिकल फायबर! मग आपण प्रोव्हायडरच्या नावाने बोटं मोडतो. मीही मोडायचो. पण नेटवर्किंगचं काम करता करता लक्षात आलं की प्रत्येक वेळी दोष त्या बिचाऱ्याचा नसतो.

जपानमध्ये बऱ्याच घरांत येणारी 'फुलेत्सु हिकारी'ची तार एनटीटी ईस्ट किंवा वेस्टची असते. प्रोव्हायडर वेगळा. जुन्या पद्धतीत, म्हणजे पीपीपीओईमध्ये, तुमचा राऊटर युजरनेम-पासवर्ड देऊन एक कनेक्शन उघडतो. ते एनटीटीच्या एका यंत्रापर्यंत जातं आणि तिथून पुढे प्रोव्हायडरचं जाळं सुरू होतं. हे यंत्र म्हणजे आपला खालापूरचा टोलनाका समजा. एक्सप्रेसवे कितीही रुंद असो, रविवारी संध्याकाळी रांग नाक्यावरच लागते.

मग नाका वाढवत का नाहीत? खरी गंमत इथे आहे. यंत्र एनटीटीचं, त्यामुळे ते कधी वाढवायचं याचे निकषही एनटीटीचे. आणि ते ठरायचे उघड्या कनेक्शनच्या संख्येवर, त्यातून किती डेटा वाहतो यावर नाही. म्हणजे गाड्या मोजायच्या, पण स्कूटर आहे की ट्रक ते बघायचं नाही! ईमेलच्या जमान्यात हे चालून गेलं. २०१५ मध्ये नेटफ्लिक्स जपानात आलं, यूट्यूब तर होतंच, आणि घरोघरी ट्रक धावू लागले.

याचा फटका छोट्या प्रोव्हायडरला जास्त. ही जोडणी साधारण प्रीफेक्चरवार असते. एखाद्या प्रीफेक्चरमध्ये ग्राहक थोडे असले की त्याच्याकडे नाका एखादाच, आणि दुसरा हवा तर आधी ग्राहक वाढायला हवेत. पण रांग बघून आहेत तेच ग्राहक निघून जातात, वाढणार कुठून? छोट्या प्रोव्हायडरांनी तक्रारी केल्या, दळणवळण मंत्रालयाच्या अभ्यासगटात चर्चा झाली आणि २०१८ मध्ये निकष काहीसे सैल झाले.

दुसरा रस्ता आयपीओईचा. त्यात हा नाका लागतच नाही. मात्र २०११ मध्ये तो सुरू झाला तेव्हा एनटीटीच्या जाळ्याला थेट जोडायची मुभा फक्त ३ कंपन्यांना होती. मर्यादा पुढे १६ पर्यंत वाढली, पण बाकीच्या प्रोव्हायडरांना ही सेवा त्यांच्याकडून घाऊक विकत घ्यावी लागते. म्हणजे आणखी एक बिल. त्यात फेब्रुवारी २०१५ पासून एनटीटी फायबरची लाइनसुद्धा घाऊक देऊ लागली. मोबाइल कंपन्यांनी लगेच 'फोनबरोबर घ्या, सवलत मिळवा' सुरू केलं. ज्याच्याकडे मोबाइलचा धंदाच नाही, तो कसली सवलत देणार?

आता आपण काय करायचं? राऊटरला लॅपटॉप केबलने जोडा आणि वेग दोनदा मोजा, सकाळी सहाला आणि रात्री नऊला. दोन्ही वेळा कमी असेल तर संशय इमारतीच्या वायरिंगवर. जुन्या मान्शनमध्ये शेवटचा टप्पा टेलिफोनच्या तारेवरून असतो आणि १०० मेगाबिटच्या वर जातच नाही. फक्त रात्रीच झोपत असेल तर प्रोव्हायडरला फोन करून एवढंच विचारा: "आयपीओई ताइओ देस का?" अनेक ठिकाणी तो जादा पैसे न देता मिळतो, फक्त अर्ज करावा लागतो. राऊटरही त्या पद्धतीला चालणारा हवा, जुना बहुधा चालत नाही. (आकिहाबाराला जाण्याआधी प्रोव्हायडरच्या साइटवरची राऊटरची यादी बघा!)

नाहीच म्हणाले तर प्रोव्हायडर बदलता येतो. लाइन आणि प्रोव्हायडर एकाच बिलात असतील तर जुलै २०१९ पासून 'जिग्योशा हेन्को' करता येतं आणि बहुतेक वेळा भिंतीतल्या तारेला हात लावावा लागत नाही. पण आधी फोन करा. तुमचा छोटा प्रोव्हायडर कदाचित केव्हापासून आयपीओई द्यायला तयार बसला असेल, आणि तुम्ही विचारलंच नसेल.