तेरचे कापड आणि तुमची गोधडी

गोरोबाकाकांच्या दर्शनाला तुम्ही तेरला जाता. हेच जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचे नाव आहे. इथले जाडेभरडे व तलम सुती कापड गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई.

ते कापड विणणाऱ्याचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही. तुमच्या घरच्या गोधडीचेही तसेच! जुन्या लुगड्यांचे थर, त्यांवर सासूबाईंनी घातलेला धावदोरा. चिंधीही वाया जात नाही.

भगिनींनो, गोधडी विकायची झाली तर कापडापुरतेच पैसे मागू नका. किती दिवस बसलात ते मोजा. खुरपणीचा रोज आपण मोजतो, मग सुईचा का नको?