दोनशे अंशांत शंभराचा अडसर

दोनशे अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घातला तर झळ लागते, पण हात भाजत नाही. शंभर अंशांच्या उकळत्या पाण्यात मात्र बोट बुडवायची कुणाची छाती होणार नाही. तापमान दुप्पट आणि चटका कमी! हवा विरळ असते, तिच्यात उष्णता मावतेच किती? कुकरमध्ये झटपट शिजणारं मटण ओव्हनमध्ये तासन्‌तास घेतं, ते यामुळेही.

खरी गंमत पुढेच आहे. बोकडाची अख्खी मांडी आत सरकवली की तिच्यावरच्या पाण्याची वाफ होऊ लागते, आणि जाताना ती वाफ उष्णता घेऊन जाते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं, त्याच कारणाने भोवती दोनशे अंश असूनही ओलं मांस शंभराच्या पुढे तापत नाही. ओल संपली की अडसर निघतो. वरचा थर १४० अंशांच्या आसपास पोचला की प्रथिनांतली अमायनो आम्लं आणि शर्करा यांची झपाट्याने गट्टी जमते. तपकिरी रंग येतो आणि शेकडो गंधद्रव्यं जन्माला येतात. शेजाऱ्यांना आपला बेत कळतो तो इथे! लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही प्रक्रिया मांडली. त्याला कुतूहल होतं ते सजीवांतल्या रसायनांचं, भाजणीचं नव्हे.

आतला मामला उलटाच आहे. पन्नास अंशांपाशी मांसाचे तंतू आवळू लागतात. पासष्ट-सत्तरच्या पुढे ते असे पिळवटतात की रस बाहेर येतो. पण मांडीतल्या चिवट कोलॅजेनचं लुसलुशीत जिलेटिन व्हायला उष्णतेइतकाच वेळही लागतो. म्हणजे वरून प्रखर आच हवी आणि आतून धीर.

हा धीर योगायोगाने सापडला तो काउंट रमफर्डला. तोफांना भोक पाडताना धातू का तापतो याचा विचार करून, उष्णता हा द्रवपदार्थ नव्हे असं १७९८ साली सांगणारा हाच तो माणूस. बटाटे सुकवायच्या यंत्रात त्याने मटणाचा खांदा ठेवून पाहिला. तीन तासांनी कच्चाच होता, म्हणून त्याने नाद सोडला. मोलकरणींनी तो रात्रभर तसाच राहू दिला आणि सकाळी पाहतात तर उत्तम शिजलेला! अर्थात इतक्या मंद आचेवर खमंगपणा येत नाही. त्यासाठी शेवटची दहा-पंधरा मिनिटं ओव्हन चढवावाच लागतो.

सुरुवातीलाच वरचा थर करपवला की रस आत कोंडला जातो, हा समज मात्र सोडा. एकोणिसाव्या शतकात लीबिखसारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञानेच तो रुजवला, तरी खोटा. ट्रेमध्ये चुरचुर ऐकू येते ना, तो बाहेर पडलेला रसच.

मीठ आदल्या रात्री चोळा, मांडी फ्रिजमध्ये उघडी ठेवा आणि भाजण्याआधी कोरडी पुसून घ्या. दह्याचा जाड लेप मलाही आवडतो, पण रंग त्याने उशिराच येतो. बाहेर काढल्यावर वीस मिनिटं सुरी लावू नका. वरची उष्णता आत सरकत राहते आणि मधलं तापमान आणखी काही अंशांनी चढतं. घड्याळापेक्षा टोचायच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवा, फक्त त्याचं टोक हाडाला लागू देऊ नका. आणि मांडीऐवजी कोंबडी असेल, तर सर्वांत जाड भागात ७४ अंश दिसल्याशिवाय वाढू नका.