परतलेल्या विमानांची अपुरी साक्ष

१९६५ च्या युद्धात दिलीप पारुलकर या तरुण वैमानिकाच्या विमानाला शत्रूचा मारा लागला आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. विमान सोडून उडी मारा, असा सल्ला वरिष्ठांनी दिला. पारुलकरांनी ते जायबंदी विमान तळावर आणून उतरवलं आणि त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालं. सहा वर्षांनी, १० डिसेंबर १९७१ रोजी, त्यांचं सुखोई-७ पाकिस्तानात पाडलं गेलं आणि ते युद्धकैदी झाले. माणूस तोच. मधल्या काळात अनुभव वाढलेलाच होता, आणि हिंमत किती शाबूत होती ते पुढच्याच वर्षी दिसलं: १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री दोन साथीदारांसह ते रावळपिंडीच्या छावणीतून निसटले. तरीही एकदा विमान परत आलं आणि एकदा नाही. मोडक्या विमानांच्या थरारक कथा वाचताना हा दुसरा प्रसंग आपण सोयीस्करपणे विसरतो. परतलेल्यांवरून धैर्याचा आणि यंत्राच्या मजबुतीचा हिशेब मांडायचा म्हणजे अर्ध्याच वहीवरून ताळेबंद काढायचा.

दुसऱ्या महायुद्धात हे गणिताने सिद्ध करणारा माणूस होता अब्राहम वाल्ड. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात तो काम करत होता. परतलेल्या बॉम्बफेकी विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आणि किती, याच्या नोंदी होत्या. पण न परतलेल्यांची भोकं मोजणार कोण? म्हणून जिथे भोकं कमी दिसतात तीच जागा जास्त नाजूक असण्याचा संभव, कारण तिथे मार बसलेली विमानं मोजायला उरलेलीच नाहीत. वाल्डने अडाणी सेनाधिकाऱ्यांना तोंडघशी पाडलं, असा मसाला या कथेला पुढे लागला; त्याच्या मूळ टिपणांत मात्र रूक्ष गणितच आहे. वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला हा मुद्दा चटकन उमजेल. बागेतल्या उभ्या झाडांच्याच खोडांवरच्या जखमा मोजल्या, तर डिंक्या फारसा घातक नाही असं वाटेल. ज्यांना तो खरा भोवला ती झाडं केव्हाच सरपणात गेलेली असतात.

विमानाला हवेत राहायला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: उचल, इंजिनाचा जोर आणि दिशेवर ताबा. पत्र्याला पडलेलं खिंडार छायाचित्रात भयंकर दिसतं, पण या तिन्हींना धक्का नसेल तर विमान चालतं. उलट इंधनाच्या किंवा सुकाणूच्या नळीत घुसलेली एकच गोळी, छायाचित्र काढायलाही कुणी उरणार नाही अशी असू शकते. १ मे १९८३ रोजी इस्रायलमध्ये सरावाच्या वेळी एफ-१५ आणि स्कायहॉक अशी दोन विमानं आदळली. एफ-१५ चा उजवा पंख जवळजवळ बुडापासून गेला. त्याचे वैमानिक झिवी नेदिवी यांनी ते नेहमीच्या दुपटीच्या आसपास वेगाने धावपट्टीवर उतरवलं. त्या विमानाचं रुंद धड स्वतःच थोडीफार उचल देतं, म्हणून हे जमलं. फवारणाऱ्या इंधनामुळे पंखाची अवस्था नेदिवींना उतरेपर्यंत नीट दिसलीच नव्हती, हीही एक गंमत. त्याच टकरीत स्कायहॉक मात्र कोसळलं आणि त्याच्या वैमानिकाने उडी मारली. त्या विमानाची गोष्ट कुणी सांगत नाही.

कारगिलमध्येही असंच घडलं. २१ मे १९९९ रोजी टेहळणीच्या कॅनबेरा विमानाच्या उजव्या इंजिनाला क्षेपणास्त्र लागलं. स्क्वाड्रन लीडर पेरुमल आणि त्यांचे दिशादर्शक झा यांनी दुसऱ्या इंजिनावर श्रीनगर गाठलं. कॅनबेराची इंजिनं दोन पंखांत, एकमेकांपासून दूर असतात. एकाचा विस्फोट दुसऱ्याला सहसा पोचत नाही. आठवडाभरातच अजय आहुजा यांचं एका इंजिनाचं मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडलं. लगेच दुसऱ्या दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं आणि त्यातले चौघेही गेले. पेरुमल यांचं कसब निर्विवाद. पण आहुजांना हाती उरलेलं दुसरं इंजिनच नव्हतं.

कुणी म्हणेल, मग सगळं नशिबावरच सोडायचं का? तसं नाही. कॅनबेराची दूर बसवलेली इंजिनं हा कुणीतरी रेखाटनाच्या टेबलावर घेतलेला निर्णय आहे. अमेरिकेच्या ए-१० विमानात द्रवदाबाची दुहेरी यंत्रणा आहे, आणि दोन्ही निकामी झाल्या तर हाताच्या ताकदीने चालणारी तारांची जोडणीही. ७ एप्रिल २००३ रोजी बगदादवर जखमी झालेलं ए-१० किम कॅम्पबेल यांनी याच जोडणीवर तळापर्यंत नेलं. मजबुती अशी आधीच बांधलेली असते. तिलाही मर्यादा असतेच. सुखोई-७ मोठं काटक म्हणून नावाजलेलं; ४ डिसेंबर १९७१ ला विंग कमांडर मांगट यांचं सुखोई क्षेपणास्त्र खाऊनही परतलं. पण त्याच युद्धात आपण चौदा सुखोई-७ गमावली, बहुतेक विमानवेधी तोफांच्या माऱ्यात.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे: अशा चिकित्सेने शौर्यकथांची चव जाते. मला तसं वाटत नाही. परत आणलेल्या विमानाचं कौतुक करताना, उडी मारलेल्या वैमानिकाबद्दल ‘याने जरा लवकरच सोडलं’ असा सूर नकळत निघतो, तो अन्यायाचा आहे. कुठे मार बसला हे त्याच्या हाती नव्हतं. वेळेवर विमान सोडणं हाही निर्णयच असतो, आणि त्याने एक प्रशिक्षित माणूस वाचतो. पारुलकरांचं दुसरं विमान सीमेपलीकडेच राहिलं. ते स्वतः कैदेतून सुटका होऊन १ डिसेंबर १९७२ रोजी वाघ्याच्या सीमेवरून चालत परत आले.