विमानाच्या खिडकीतून त्रिशंकू
(लेखमाला : आपल्या गावचे आकाश – भाग ९)

मागच्या भागात उत्तरेचा ध्रुवतारा पाहिला. पांढुर्णा आणि सौसर हे आपले दोन्ही तालुके साधारण साडेएकवीस अक्षांशावर आहेत, म्हणून ध्रुव तिथे क्षितिजापासून तेवढेच अंश वर दिसतो. आता दक्षिणेकडे वळू.

दक्षिणेचा त्रिशंकू हा तारकासमूह मेच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास सर्वांत उंच येतो. तरी त्याचा खालचा ठळक तारा आपल्या शिवारातून जेमतेम पाच अंश वर असतो. उन्हाळ्यातली धूळ आणि नागपूरकडचा उजेड त्याला गिळून टाकतात. संत्र्याच्या बागेत कितीही काळोख असला तरी हा तारा हाती लागणे कठीण.

विमानातून मात्र तो सापडतो. साडेदहा किलोमीटर उंचीवर हवेचा तीनचतुर्थांश भाग आपल्या खाली राहतो आणि क्षितिजही तीन अंशांहून थोडे जास्त खाली उतरते. पाच अंशांवरचा तारा क्षितिजापासून आठ अंश वर दिसतो. विमानाची खिडकी डोक्यावरचे आकाश दाखवत नाही, फक्त क्षितिजाजवळचे दाखवते; ही तिची उणीवच इथे उपयोगी पडते. हिवाळ्यात हाच लाभ दक्षिणेच्या अगस्त्य ताऱ्याच्या बाबतीत मिळतो.

आपल्याला जवळचे विमानतळ नागपूरचे. तिथून मुंबईला जाताना डावी खिडकी दक्षिणेकडे असते. जागा पंखाच्या पुढची घ्यावी. मागे बसल्यास इंजिनाच्या तप्त झोतात तारे थरथरतात, शिवाय पंखाच्या टोकाचा लाल दिवा चौकटीत येतो.

खिडकीतून त्रिशंकूचा फोटोही काढता येतो. पण ताशी आठशे किलोमीटर वेगात फोटो हलणार नाही का? आगगाडीतून रुळाजवळचे खांब पळतात, दूरचा डोंगर जागेवर राहतो, तसेच इथे घडते. खालच्या गावांचे दिवे रेघा होतात, तारे ठिपकेच राहतात. तारे बिघडतात ते विमान कलल्याने किंवा हादरल्याने. म्हणून शटर दोन ते चार सेकंदच उघडे ठेवावे, आयएसओ ३२०० च्या पुढे न्यावा, फोकस हाताने अनंतावर लावावा आणि एकामागून एक बरेच फोटो घ्यावेत. त्यातले मोजकेच टिकतील. लेन्स काचेच्या अगदी जवळ असावी, पण टेकू नये, कारण काचेची थरथर कॅमेऱ्यात उतरते. भोवती काळे जाकीट धरले की केबिनच्या दिव्यांचे प्रतिबिंब जाते. माझ्या मते महागड्या लेन्सपेक्षा हे जाकीट जास्त कामाचे.

आपल्या या पट्ट्यावरून रात्री विमाने जाणे नवे नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात भेटत आणि टपालाची अदलाबदल करून परतत. दिल्ली-नागपूर सरळ रेषा सौसरच्या थोडी पूर्वेकडून जाते.

संरक्षण दलाच्या विमानतळांवर फोटो काढण्यास मनाई असते. कर्मचारी थांबायला सांगतील तेव्हा कॅमेरा खाली ठेवावा. मे महिन्यात, अमावास्येच्या आसपास संध्याकाळचे मुंबईचे तिकीट काढत असाल, तर डावीकडची खिडकी आवर्जून मागून घ्या.